रकाना चौदा

फॉर्मला एकूण बावीस रकाने होते.
तारण, जामीनदार, विजेची मंजुरी,
बाजारातली पत.
चौदाव्यात विचारलेलं : पर्यावरणावर परिणाम?
उत्तराला जागा दीड इंच.
मी लिहायचो, 'लागू नाही',
आणि शाई वाळायच्या आत पंधराव्याकडे वळायचो.

एक्क्याण्णव साल. शाखा अलकापुरी.
रमणिकभाई अमीन पाहणीला घेऊन गेले हेमापुऱ्याला,
त्यांच्या जीपमधून,
रावपुऱ्यात बांधून घेतलेला लीला चिवडा माझ्या मांडीवर.
शेड अजून उभी व्हायची होती,
नुसत्या फक्कीनं आखलेल्या रेघा,
पलीकडे एरंडाचं शेत, एक विहीर.
चंचळबेननं त्या विहिरीच्या पाण्याचा चहा केला.
मी अहवालात नोंदवलं : पाणी मुबलक.

कापडाला लागतो तो लाल रंग बनणार होता तिथे.
दीड वर्षात चाळीस माणसं कामाला लागली.
हे मी कुणाला खोटं म्हणू देणार नाही.
चंचळबेनचा रावजी
आधी ऊसतोडीला सुरतेकडे जायचा,
आता रात्री घरी जेवायला लागला.
त्याच्या मोटारसायकलचं कर्जही माझ्याच सहीचं.
कागदावर अंगठा लावताना
शाईचा पॅड पुढे सरकवला, तर म्हणाला,
'नको साहेब, आहेच की.'
हात कोपरापर्यंत तांबडे.
ठसा स्वच्छ उमटला.

मग म्हशीनं हौदाला तोंड लावायचं सोडलं.
हे त्यानंच सांगितलं, हप्ता भरताना, काउंटरवर.
मी नोटा मोजत होतो. आकडा चुकला.
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.
बरोबर होत्या.

चंचळबेन विधवा, पंधरा वर्षं पांढरं नेसलेली.
त्या पाण्यात धुऊन धुऊन तिची साडी
आधी काठाला, मग पदराला,
मग सगळीच फिकी गुलाबी झाली.
सासू म्हणाली, तुला हे शोभतं का?
बाया तोंडाला पदर लावून हसल्या.
तिनं लिंबू चोळलं, सोडा घातला,
दूर कालव्यावर जाऊन धुवायची तर पाय दुखायचे.
शेवटी नाद सोडला.
पुतणीच्या लग्नात तशीच जाऊन बसली,
मांडवाच्या अगदी मागे,
आणि कुणीतरी चुकून तिलाही हळदीकुंकू लावायला पुढे आलं.
रावजीनं हे हसत सांगितलं.
मीही हसलो. मग फाइल मागवली.
फाइलमध्ये काहीच चूक नव्हतं.

ते खातं एकदाही थकलं नाही.
मुदतीआधी सहा महिने फिटलं.
विभागीय कार्यालयानं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं,
दांडिया बाजारातल्या घरात ते अजून चालतं,
सेल तेवढे बदलावे लागतात.

माझी सून शलाका आता त्याच बँकेत.
चौदाव्या रकान्याची नऊ पानं झालीत,
सल्लागाराकडून भरून येतात, सुबक टाइप केलेली,
मुखपृष्ठावर झाडाचं चित्र.
'वाचता का गं तुम्ही?'
'वाचतो की,' ती म्हणाली,
आणि पोळी लाटता लाटता
एकाच जागी लाटणं फिरवत राहिली.

गेल्या महिन्यात सेव-उसळीच्या गाडीवर रावजी भेटला.
केस पिकलेत. हात मात्र तसेच,
कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाली तरी.
आई गेली, म्हणाला. कशानं, ते मी विचारलं नाही.
गावात नवा बोअर घेतलाय, साडेचारशे फूट.
'पाणी कसं लागलं?'
'कलर नथी, साहेब.'
गाडीवाल्यानं दोन पेले भरून ठेवले.
त्यानं आपला उचलून उजेडाकडे धरला,
इकडून पाहिला, तिकडून पाहिला,
सवयीनंच असावं,
आणि न पिता
माझ्या पेल्याशेजारी ठेवून दिला.